बिनतेलाचं बोट

माझं स्वतःचं लहानपण लिहिण्यासारखं नाही. चौथीपर्यंत शाळा, मग खुरपं, मग लग्न. एका ओळीत संपतं. म्हणून या प्रकरणात मी माझ्या नातीची, शिवकन्येची, काम शिकायच्या उमेदवारीची वर्षं लिहिणार आहे. घरात आम्ही तिला शिवू म्हणतो. माझ्या मुलाची, दिगंबरची, ती एकुलती एक मुलगी. ती दोन वर्षांची असताना तिची आई काविळीनं गेली आणि घरात आम्ही तिघं उरलो. ती वाढत गेली तशी मीही काही गोष्टी शिकले, पण जी शिकायला हवी होती ती उशिरा शिकले. हे लिहायला मी तिचेच जुने कागद घेतलेत. एका बाजूला तिनं काढलेली यंत्रांची चित्रं आहेत, दुसरी बाजू कोरी आहे. कागद जाड आहे, शाई पलीकडं फुटत नाही.

आमचं गाव डोंगरकडा गावाच्या अलीकडं. घर म्हणजे दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी आणि पडवीपुढं मोठं खळं. शेतात हळद होतीच, पण घर चालायचं ते हळद शिजवायच्या कुकरवर आणि पॉलिशच्या ड्रमवर. आजूबाजूच्या लोकांचा माल आमच्या खळ्यावर यायचा. काढणी सुरू झाली की दोन-अडीच महिने आम्हाला दुसरं जग नसे. कुकरची वाफ सुटल्याचा फुस्कारा, शिजत्या हळदीचा उग्र, ओल्या मातीसारखा वास, आणि दुपारभर ड्रमचा घरघराट. वाळलेली हळकुंडं ड्रममध्ये फिरायला लागली की आधी दगड पडल्यासारखा आवाज येतो. साल निघत जाते तसा तो बारीक होतो. आवाजावरून मी सांगायचे, आता थांबवा, नाहीतर तुकडे होतील. पायाच्या भेगांत, भाकरीच्या पिठात, गोधडीच्या टाक्यांत, सगळीकडं पिवळं. त्या दिवसांत रांधायला वेळ नसे. येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्या-मसाल्याच्या पिठाची आमटी आणि ज्वारीची भाकरी, सकाळी तेच आणि संध्याकाळी तेच. शिवूला आमटीत भाकरी कुस्करून वरून करडईच्या कच्च्या तेलाची धार लागायची. तेल कमी पडलं की ताट पुढं ढकलायची, बोलायची नाही.

तेल हा घरात माझा विषय होता. ड्रमच्या दोन्ही टोकांना बेअरिंग आहेत, त्यांना तेलपाणी करायचं काम मी दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. माझी सासू म्हणायची, कोरडं चाक आणि उपाशी बैल दारात ठेवू नये. ती मोटेच्या चाकाबद्दल बोलायची, मी ड्रमबद्दल बोलायचे, पण वाक्य तेच. शिवूनं ते माझ्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की पहिलीत असताना तिनं पाटीवर लिहून आणलं होतं.

दिगंबरच्या उजव्या हाताची तीन बोटं त्याच ड्रमच्या पट्ट्यात गेली. त्या वर्षी खंडेनवमीला ड्रम दुसऱ्या गावी नेलेला होता आणि त्याची पूजा राहिली होती. खंडेनवमी म्हणजे दसऱ्याचा आदला दिवस. आमच्याकडं त्या दिवशी घरातलं एकूण एक हत्यार धुऊन, तेलाचं बोट लावून, हळदकुंकू वाहून ओळीनं मांडतात. विळे, खुरपी, कुदळ, पाने, फवाऱ्याचा पंप, पोती शिवायचा दाभण, सगळं. मी भोळी नाही. पट्टा सैल झाला होता आणि दिगंबरनं चालू मोटारीवर हात घातला म्हणून बोटं गेली, हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्यानंतर मी पूजेतून एक सुईसुद्धा वगळली नाही. कळणं वेगळं आणि हाताला लागलेली सवय वेगळी.

शिवू नऊ-दहा वर्षांची असेल. खळ्याच्या कडेला अभ्यास करत बसली होती. एकदम मान वर करून म्हणाली, "आजी, ड्रम लंगडून राहिला."

"ड्रमला काय पाय हायेत?"

"ऐक ना. एक, दोन, तीन, मग गचका. एक, दोन, तीन, मग गचका."

दिगंबरनं मोटार बंद केली, बेअरिंग काढलं. आतली एक गोळी फुटलेली होती. इतकी वर्षं आवाज ऐकणारी मी, मला ते ऐकू आलं नव्हतं. मी तिला शाबासकी दिली नाही. "पुस्तकात बघ," एवढंच म्हणाले. माझा तो स्वभावच. आज वाटतं, एक शब्द खर्चला असता तर काही झिजलं नसतं.

त्या वर्षापासून खंडेनवमीच्या ओळीत तिनं आपलीही हत्यारं ठेवायला सुरुवात केली. आधी कंपासपेटी. मग कॅल्क्युलेटर. नांदेडला इंजिनिअरिंगला गेल्यावर मोजमापाचं व्हर्नियर आणि लॅपटॉप. लॅपटॉपच्या झाकणावर मी लावलेला कुंकवाचा टिळा ती वर्षभर पुसायची नाही. होस्टेलच्या मुली हसायच्या. ती म्हणायची, "आमच्या घरी हत्याराला हत्याराचा मान असतो." हे मी मुद्दाम लिहिते. माझं वेड मी तिच्यावर लादलं असं कोणी म्हणेल, तसं नव्हतं. तीही त्यातलीच होती.

तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत तिची पहिली उमेदवारी. ती त्याला इंटर्नशिप म्हणायची. आमच्या काळी सुताराकडं, लोहाराकडं पोरं राहायची त्यालाच आम्ही उमेदवारी म्हणायचो. पुण्याला विमानाचे भाग कागदावर आखून देणारं एक ऑफिस होतं, तिथं दोन महिने. मी फोनवर विचारलं, "दिवसभर काय करती तिथं?"

"एक पट्टी हाय आजी, विमानातल्या खुर्चीखालची. तिचं वजन कमी करायचं."

"कसं?"

"भोकं पाडून. पण वजन आलं की मोडली न्हाई पाहिजे. कुठं भोक पाडलं तर चालतं ते शोधायचं."

"दोन महिने भोकंच पाडती?"

"व्हय. तीबी कॉम्प्युटरवर. खरी पट्टी तर मी अजून डोळ्यानं पाहिली न्हाई."

दिगंबर बाजूला हसून राहिला होता. मला हसू आलं नाही. मला ते काम पटलं होतं. नांगराच्या दांडीला सुतार कुठं तासतो आणि कुठं हात लावत नाही, हे मी पाहिलेलं होतं.

दुसरी उमेदवारी शिक्षण संपल्यावर मिळाली, बेंगळुरूला. अवकाशात काम करणारे यंत्रहात बनवणारी एक संस्था. नाव लिहीत नाही. त्यांचा दोष नाही आणि माझ्या लिहिण्यात त्यांना ओढायचं कारण नाही. आठ महिन्यांची मुदत. चार मुलं घेतली होती आणि मुदत संपल्यावर त्यातल्या एकाला कायम ठेवणार होते. शिवूनं जन्मात काही मागितलं नव्हतं. नवा फ्रॉक नाही, सहलीला जाऊ दे नाही. हे एकच तिनं तोंडानं बोलून दाखवलं. जायच्या दिवशी पडवीत चपला घालताना म्हणाली, "आजी, ते काम मला पाहिजे."

वर आभाळाच्या पलीकडं बंद पडलेले उपग्रह फिरत असतात म्हणे, धन्याविना सुटलेल्या जनावरासारखे. त्यांना धरायला हा हात. त्याचं एक बोट शिवूकडं होतं. गावात लोक म्हणायला लागले, बापाची बोटं गेली म्हणून पोरगी बोटं बनवून राहिली. ऐकायला बरं वाटतं. मी तिला विचारलं तर म्हणाली, "न्हाई गं. चौघांत काम वाटलं. खांदा एकानं घेतला, कोपर दुसऱ्यानं. माझ्या वाट्याला बोट आलं." एकदा मात्र तिनं फोन करून विचारलं, हळकुंड शिजलं का नाही हे बघताना तू कसं दाबतेस. मी म्हणाले, नखानं नाही, पेरानं. धरायचं, पण चेंगरायचं नाही. आतून मऊ लागलं की लगेच सोडायचं. तिनं ते दोनदा सांगायला लावलं आणि लिहून घेतलं. त्या दिवशी मी ड्रमजवळ उगीचच दोन चकरा मारल्या.

दसऱ्याला ती दोन दिवस घरी आली. बोटाचे भाग संभाजीनगरच्या एका वर्कशॉपमध्ये करायला दिले होते. तिथंच ते स्वच्छ करून, जोडून, दुहेरी पिशवीत बंद करून तिच्या हवाली केले. ते घेऊन बेंगळुरूला जायचं होतं. घर वाटेवर, आणि सण, म्हणून ती उतरली. पिशवी तिनं टॉवेलात गुंडाळून आणली होती, बाळंतिणीनं लेकरू आणावं तशी. टेबलावर ठेवून आम्हाला दाखवली. पिशवीच्या आत करंगळीपेक्षा जाड, तीन पेरांचं बोट. चांदीसारखं, आणि सांध्यांवर काळपट थर.

"सांधे काळे काहून?" दिगंबरनं विचारलं.

"तो कोरडा थर हाय दादा. भुकटीचा. त्याच्यावरच फिरतं ते."

"आणि तेल?" मी म्हणाले.

"तेल न्हाई चालत."

"तेल चालत न्हाई म्हंजे?"

"वर हवा न्हाई ना आजी. हवा नसली की तेल उडून जातं, आणि दुसऱ्या कशावर तरी जाऊन बसतं. काचेवर, कॅमेऱ्यावर."

"भुकटीवर काय फिरतंय! जात्यात पीठ फिरतं. यंत्राला तेल लागतं."

"तुझ्या यंत्राला लागतं," ती हसून म्हणाली. "ह्याला न्हाई. आणि ऐक, ही पिशवी उघडायची न्हाई. हात लावायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सकाळी मी हत्यारं धुऊन पडवीत मांडायला लागले तेव्हा तिनं व्हर्नियर ठेवलं, लॅपटॉप ठेवला. मी पिशवीकडं बघितलं. ती म्हणाली, "ते न्हाई आजी." आणि पिशवी कपाटावर ठेवून दिली. म्हणजे तिनं मला दोनदा सांगितलं होतं. हे मी स्वच्छ लिहून ठेवते. मला कळलं नव्हतं असं नाही. मला सांगितलं नव्हतं असंही नाही.

मग ती आणि दिगंबर झेंडूची फुलं आणायला मोटारसायकलवर डोंगरकड्याला गेली. ओळ मांडून झाली होती. मी उदबत्ती लावली आणि हात जोडले तर डोळ्यापुढं कपाटावरची पिशवी. एक हत्यार राहिलं होतं. आणि तेही कोणतं, तर ज्याच्यावर पोरीचं पुढचं सगळं आयुष्य टांगलेलं. ज्या वर्षी ड्रम राहिला त्या वर्षी काय झालं, ते माझ्या घरात रोज भाकरी मोडताना दिसतं. दिगंबर दोन बोटांनी घास उचलतो.

मी पिशवी खाली काढली. चिकटपट्टी नखानं सावकाश सोडवली, कुठं फाडली नाही. पोती शिवण्यात, उसवण्यात माझा जन्म गेला. उसवलेलं कळू न देता परत शिवणं मला येतं. बोट तळहातावर घेतलं. वजनाला काहीच नव्हतं. वाकवलं तर वाकलं, पण हाताला कोरडं लागलं. ते कोरडेपण मला सहन झालं नाही. हळदकुंकवाचं बोट लावलं, नमस्कार केला, आणि करडईच्या तेलात कापसाची वात बुडवून तिन्ही सांध्यांत एकेक थेंब सोडला. थोडंच. ती उडून जाईल म्हणाली होती ना, मग उडून जाईल, तोवर तरी ओलं राहील, असं मनाशी म्हणाले. मग धुतलेल्या सुती फडक्यानं वरचं सगळं पुसून घेतलं, बोट दोन्ही पिशव्यांत घातलं, पट्टी होती त्याच रेषेवर दाबून बसवली आणि पिशवी कपाटावर ठेवली. फुलं घेऊन दोघं आली तेव्हा मी पुरण वाटत होते. मला फार बरं वाटत होतं. इतकं बरं वाटल्याचं दुसरं काही मला आठवत नाही.

दसऱ्याला सोनं वाटून संध्याकाळच्या गाडीनं ती गेली. जाताना माझ्या पाया पडली. मी म्हणाले, "तुझं बोट चांगलं फिरंल."

त्यानंतरचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही, तिनं सांगितलं ते लिहिते. तिकडं एक मोठा पोलादी डबा असतो. आपल्या कुकरमध्ये वाफ कोंबतात, त्या डब्यातून हवा काढून घेतात, म्हणजे आत वरच्यासारखंच होतं. त्यात यंत्रं ठेवून तापवतात, गार करतात, चालवून बघतात. शिवूच्या बोटाची पाळी पुढच्या महिन्यात होती, पण मधेच एक जागा रिकामी झाली आणि तिला दोन दिवसांत बोलावलं. बोट पुन्हा उघडून तपासायला वेळ नव्हता. वर्कशॉपची पट्टी जशीच्या तशी होती. तिनं त्या पट्टीवर विश्वास ठेवला. पट्टी मी लावलेली होती.

डब्यात दुसऱ्या लोकांचा एक कॅमेराही होता, त्यांची कित्येक महिन्यांची मेहनत. चाचणी संपवून दार उघडलं तर त्याच्या काचेवर धुकं धरल्यासारखा थर. सगळं थांबलं. डबा आतून धुवावा लागला, रांगेत उभ्या असलेल्यांची कामं लांबली. थर कुठून आला ते शोधत शोधत शिवूच्या बोटापर्यंत आले.

फोनवर ती मला यातलं काही बोलली नाही. मी विचारायचे, "फिरलं का बोट?" ती म्हणायची, "फिरलं." मग म्हणायची, "आजी, ठेवते." मला वाटायचं कामात असेल. एकदा तिनं विचारलं, घरातलं तेल कोणतं हाय सध्या? मी म्हणाले, करडईचंच, दुसरं कधी असतं? ती म्हणाली, "व्हय. बराबर हाय." त्या प्रश्नावरून मला कळायला पाहिजे होतं. मला वाटलं, तिला घरच्या आमटीची आठवण आली.

मुदत संपली आणि ती बॅग घेऊन घरी आली. काढणीचे दिवस होते. कायमची जागा कोपर करणाऱ्या मुलाला मिळाली होती. दिगंबरनं काही विचारलं नाही. तो विचारत नाही. मी विचारलं. म्हणाली, "न्हाई ठेवलं." बस. दुसऱ्या दिवशी सकाळी जुना सदरा घालून ती कुकरवर उभी राहिली. पंधरा दिवस तिनं गड्याएवढं काम केलं आणि येसराच्या आमटीवर तेल घ्यायचं सोडलं. मी धार धरली की ताटावर हात आडवा धरायची.

एका दुपारी कुकर लागला होता. शेजारचा कचरू आपली हळद शिजायची वाट बघत पोत्यावर बसला होता. वाईट माणूस नाही, पण जिभेला हाड नाही. म्हणाला, "काय शिवूताई, चंद्रावरची ड्युटी सुटली का?"

शिवू वाफेकडं बघत राहिली.

"आमाला वाटलं तुमी तिकडूनच हळदीचा भाव सांगताल."

"कचरू," मी म्हणाले, "तुझी हळद कच्ची काढून देईन."

"काकू, मी आपलं गमतीनं..."

"गंमत तुझ्या बायकोपुढं कर. ऊठ, तिकडं सावलीत जाऊन बस."

तो उठून गेला. पण माझं तोंड सुटलं ते थांबेना. त्या बेंगळुरूच्या लोकांना मी जेवढं येतं तेवढं बोलले. खेड्यातली पोरगी बघितली आणि हाकलली. त्यांच्या हाताला लकवा भरो, त्यांच्या यंत्रांना गंज चढो, त्यांचं वरचं सगळं खाली पडो.

"आजी, त्यांना शिव्या नको देऊ," शिवू म्हणाली.

"काहून नको? आठ महिने राबवून घेतलं आन्‌ दार दाखवलं!"

"त्यांची चूक न्हाई."

"मग कोणाची? तुझी?"

ती घरात गेली आणि तीच पिशवी घेऊन आली. पिशवीतून बोट काढलं आणि माझ्यापुढं धरलं. मधल्या सांध्यावर एक बारीक स्क्रू आहे, त्याच्या खाचेत नखाएवढीही नाही अशी एक पिवळी रेघ होती. माझं फडकं त्या खाचेत पोचलं नव्हतं.

"हे पिवळं दिसून राहिलं का तुला?"

मला दिसलं. माझ्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरायला लागला होता, तरी दिसलं.

"तू पिशवी उघडली होती?"

मी खोटं बोलत नाही. "व्हय," म्हणाले.

"तेल घातलं?"

"एकेक थेंब."

तिनं मान हलवली, आपलं उत्तर बरोबर आल्यावर मुलं हलवतात तशी. रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर मी काहीतरी उलटून बोलले असते आणि ते भांडण होऊन संपलं असतं. कुकरची वाफ सुटली, तिनं वळून चावी फिरवली, आणि तिकडं तोंड करूनच पुढचं सांगितलं. डबा, काच, सगळं. शेवटी सगळ्यांच्या समोर बोट खोललं आणि खाचेतलं पिवळं सापडलं. वर्कशॉपवाल्यांना पत्र लिहायचं चाललं होतं, तुमच्याकडूनच घाण आली म्हणून. तेव्हा शिवू उभी राहिली आणि म्हणाली, पिशवी मी उघडली होती.

"आन्‌ पिवळं?" मी विचारलं.

"सांगितलं, जेवणाचा डबा खाता खाता उघडली. हात धुतला नव्हता. हळदीचा, तेलाचा हात लागला."

तिनं तिथं स्वतःला असं करून घेतलं. जेवताना उष्ट्या हातानं यंत्र चिवडणारी, खेड्यातून आलेली, शिस्त नसलेली मुलगी. जी मुलगी पहिलीत असल्यापासून पुस्तकाला हात लावायच्या आधी हात धुते. साहेबांनी रागावून काही म्हटलं नाही म्हणे, नुसतं सगळ्यांकडं बघून म्हणाले की म्हणूनच नियम असतात. कोणीतरी मागून हसलं. पुढच्या आठवड्यापासून तिला त्या खोलीत जायची बंदी झाली आणि उरलेले दिवस तिनं कागद लावण्यात काढले.

मी विचारलं, "माझं नाव काहून न्हाई सांगितलं?"

"सांगून काय होणार होतं आजी? काच साफ होणार होती?"

मग म्हणाली, "मला तिथं तुझं नाव घ्यायचं नव्हतं." तिनं मला पाठीशी घातलं की तिला माझी लाज वाटली, ते मी विचारलं नाही. त्या दिवशी धीर झाला नाही, आणि आता विचारून उपयोग नाही. दोन्ही असेल. कचरूनं सावलीतून हाक मारली, "काकू, झाली का माझी?" मी झाकण काढलं, एक हळकुंड घेतलं, पेरानं दाबलं. शिजून जास्त झालं होतं. बोलण्याच्या नादात त्याचा अख्खा घाणा मी गाळ केला. कुकर चालवायला घेतल्यापासून पहिल्यांदा. कचरूनं तो तसाच नेला, काही बोलला नाही. मला वाटतं त्यानं सावलीतून सगळं ऐकलं होतं.

त्याच संध्याकाळी शिवूनं पडवीत बसून बोट सुटं केलं. स्पिरिटनं एकेक भाग धुतला, उन्हात तापलेल्या पत्र्यावर वाळवला, परत जोडला, नव्या पिशवीत घालून कपाटावर ठेवला. आता ते वर जाण्याच्या कामाचं राहिलं नव्हतं, म्हणूनच त्यांनी तिला देऊन टाकलं होतं. महिन्याभरानं तिला पुण्याला पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली. बोट इथंच राहिलं. विसरली असेल असं मला वाटत नाही. ती विसरत नाही.

पंपाच्या कामात ती आता बऱ्यापैकी वर आहे. तेलाचं, वंगणाचं खातंच तिच्याकडं आहे. दर महिन्याला फोन करते, दादाची चौकशी करते, माझ्या डोळ्यांचे थेंब पाठवते. अवकाशाच्या कामासाठी तिनं नंतर दोन ठिकाणी अर्ज केले. आधीच्या जागेचं पत्र मागितलं की गाडी अडायची. तिसरा अर्ज तिनं केला नाही. दसऱ्याला मात्र न चुकता येते. माझ्यासोबत विळे, खुरपी धुते, ड्रमला फुलं बांधते, सगळं करते. फक्त आपलं काही आणत नाही. लॅपटॉप खोलीवर ठेवून येते, व्हर्नियर खोलीवर ठेवून येते. एकदा मी ओळीत त्यांची जागा मोकळी सोडली होती. तिनं पाहिलं, आणि कुदळ जरा अलीकडं सरकवली.

दिगंबर म्हणतो, जाऊ दे माय, किती दिवस धरून बसशील. तो चांगला माणूस आहे. पण तीन बोटं गेल्यावर त्याला कोणी जाऊ दे म्हणालं नव्हतं.

ते बोट मी कपाटावरून काढून उशाच्या पेटीत ठेवलंय. पिशवी मी कधी उघडत नाही. दुपारी खळ्यावर कोणी नसलं की पिशवीच्या वरूनच हातात धरते आणि बोट वाकवून बघते. इतकी वर्षं झाली, थेंबभर तेल मिळालेलं नाही. कान लावते. ड्रम लंगडत होता तेव्हा मला ऐकू आलं नव्हतं, म्हणून आता नीट ऐकते. पहिला सांधा, दुसरा, तिसरा. कुठं अडत नाही, कुठं आवाज नाही. त्याला तेल लागतच नव्हतं.